गोविंदाचं वजन

गोविंदाला मिरगी आहे, हे मोठीबोडी गावात सगळ्यांना माहीत होतं. खरं तर गोविंदाला काहीही नव्हतं. मिरगी होती त्याच्या लेकीला, रिंकूला, आणि ते ठाऊक होतं फक्त घरातल्या तिघांना: बापाला, आईला आणि तिला स्वतःला.

रिंकू लहान असताना तलावावर भांडी घासता घासता पडली होती. तोंडाला फेस, डोळे पांढरे. काठावर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, याचाच गोविंदाला पोरगी वाचल्याइतका आनंद झाला. नागभीडच्या सरकारी दवाखान्यात ओळखीचं माणूस भेटेल म्हणून तो तिला थेट चंद्रपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी एक, रात्री एक, आणि मी सांगेपर्यंत बंद करायची नाही, असं बजावलं. गोळीनं पोरगी छान राहिली. शाळेत गेली, जाळं विणायला शिकली, अंगानं काटकुळीच राहिली पण चेहऱ्यावर तेज आलं. बघणारे येऊ लागले.

"पोरावाल्याइले सांगून टाकू," रंभा, म्हणजे रिंकूची आई, म्हणाली होती. "गोळी घेतली का काई होत नाई म्हणून सांगू."

"अन् त्याइनं नाई म्हटलं तं?" गोविंदा म्हणाला. "मंग साऱ्या जातीत बोभाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकलेलीच राहिली आणि रिंकूचं लग्न चिमूरकडच्या एका गावात झालं. जावई सूरज सरळ पोरगा. त्याचे वडील दारूनं गेलेले, घरात आई कांताबाई, थोडी शेती आणि नदीवरची मासेमारी. कांताबाईंचं तोंड जरा तिखट होतं, पण सुनेच्या ताटात मासा वाढताना हात कधी आखडला नाही. एवढं चांगलं घर गोविंदाला शोधूनही सापडलं नसतं. म्हणून तर त्याला जास्तच भीती वाटायची.

गोळ्या आता तोच न्यायचा. सुकवलेल्या झिंग्यांच्या पुडीत पाकिटं दडवायची, लेकीला भेटायला जायचं आणि पुडी हातात ठेवताना म्हणायचं, "तुले आवडते म्हणून आनलं." कांताबाईंना वाटायचं, काय बाप आहे.

गोळ्या मिळायच्या नागभीडला, बस थांबते तिथं समोर प्रफुलचं मेडिकल होतं. प्रफुल फार्मसी शिकलेला, तरुण, बोलका, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच भला. गोविंदा पहिल्यांदा रिकामं पाकीट घेऊन त्याच्याकडे गेला तेव्हा त्यानं चिठ्ठी मागितली.

"चिठ्ठी डोंग्यात भिजली," गोविंदा म्हणाला. मासेमाराच्या होडीत काहीही भिजतं.

"कोनासाठी आहे?"

बाकावर बसची वाट बघणारी माणसं बसली होती. गोविंदानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "माह्यासाठीच."

प्रफुलनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तापाची गोळी तो चिठ्ठीशिवाय देत असे, सगळेच देतात. पण ही गोळी वेगळी. कायद्यानं डॉक्टरची ताजी चिठ्ठी हवी. पण हा माणूस चिठ्ठीसाठी चंद्रपूरला जाणार नाही, हे त्याला दिसत होतं. आणि मिरगीची गोळी मध्येच सुटली तर आधीपेक्षा वाईट, हे तर त्याला पुस्तकातूनच शिकवलेलं होतं.

"कायद्यात बसत नाई हे," तो म्हणाला. "पन तुमाले परत पाठवतो अन् तुमी पान्यात पडले तं कायदा काई जाळं टाकून काढायले येनार नाई. घेऊन जा."

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. जुन्या चिठ्ठीवर, खरं म्हणजे नसलेल्या चिठ्ठीवर, प्रफुल गोळी पुढे देत राहिला. चंद्रपूरला औषधवाल्यांची सभा भरली तेव्हा त्यानं उठून सांगितलंही की जिथं डॉक्टरची खुर्ची रिकामी असते तिथं चालू असलेली गोळी पुढे देण्याचा आणि गरज पडली तर थोडी कमीजास्त करण्याचा हक्क आम्हाला लेखी द्या. आम्ही माणसाला ओळखतो, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला उठले.

ओळखतो म्हणणारा प्रफुल भला होता म्हणून आणखी एक घोळ झाला. मोठीबोडीचा लटारू गुडघ्याला लावायचं मलम घ्यायला आला. गोविंदा आणि लटारू एकाच डोंग्यात बसून जाळं टाकायचे. प्रफुलनं त्याला हळूच सांगितलं, "गोविंदाभाऊवर ध्यान ठेवत जा. एकट्याले पान्यात जाऊ देऊ नोका." लटारू काही दगड नव्हता. त्यानं विचारून विचारून कारण काढलं. मच्छीमार सोसायटीची बैठक झाली आणि ठरलं की गोविंदानं यापुढे डोंग्यात बसायचं नाही. काठावर बसून मासे तोलून द्यायचे, फाटली जाळी सांधायची.

जन्म पाण्यात गेलेला माणूस काठावर बसला. पोरं त्याच्या हातातून विडी घेताना हात आखडू लागली. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा उशिरा भरू लागली. गोविंदा गप्प राहिला. लेकीचं दुखणं आपण अंगावर घेतलं, या विचारानं त्याला आतून बरंही वाटायचं, थोडा मोठेपणाही वाटायचा. मला विचाराल तर पाणी तिथंच मुरत होतं. ज्याला त्याग म्हणत होता, त्यात भीतीच जास्त होती.

इकडे रिंकूचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. गोळी चोरून घ्यायची. तांदळाच्या डब्यात पाकीट, घरात कोणी नसताना एक तोंडात टाकायची आणि पाणीसुद्धा नंतर प्यायचं. त्या साली भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, जोरात होता. पहाटेच सासूबरोबर बांधीत, भाताच्या खाचरात, उतरायचं, चिखलात दिवस काढायचा, अंधार पडल्यावर सगळ्यांबरोबरच जेवून झोपायचं. डब्यापर्यंत हात पोचायचाच नाही. गोळ्या चुकत गेल्या.

रोवणा आटोपून पोळ्याच्या आधी ती चार दिवस माहेरी आली आणि चुलीपुढे बसल्या बसल्या तिला झटका आला. रंभानं तिला कुशीवर केलं, चूल विझवली, दार लावून घेतलं. आधी दार लावायला हवं होतं, असं गोविंदाला वाटून गेलं.

शुद्धीवर आल्यावर रिंकू म्हणाली, "गोळ्या चुकल्या बाबा. वक्तच नाई भेटला."

तो दुसऱ्या दिवशी नागभीडला गेला. मेडिकलवर गर्दी होती. बाकावर दोन बाया चिमूरच्या बसची वाट बघत होत्या.

"प्रफुलभाऊ, झटका आला."

प्रफुल काउंटरवरून पुढे वाकला. "मंधात गोळी चुकली होती का?"

हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण हो म्हटल्यावर काऊन चुकली, म्हणून पुढचा प्रश्न आला असता. "नाई," गोविंदा म्हणाला. "रोज घेतो."

"रोज घेऊनबी आला?"

"आला."

प्रफुल बाहेर आला. दुकानाच्या दारात वजनाचा काटा होता, गावोगावची पोरं येता जाता त्याच्यावर उड्या मारायची. "उभे राहा बरं याच्यावर," तो म्हणाला.

गोविंदानं काट्याकडे पाहिलं. मग बाकावरच्या बायांकडे. त्या बोलायच्या थांबल्या होत्या आणि त्याच्याकडेच बघत होत्या. काट्यावर कोणी चढायला हवं, हे त्याला कळत होतं. शिकलेला नसला तरी रोज तराजू हातात धरणारा माणूस होता तो. एकाच्या जागी दुसरं तोललं की काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

चपला काढल्या आणि तो काट्यावर चढला. चांगला दांडगा गडी, सुई भर्रकन फिरली.

"हे पाहा," प्रफुल म्हणाला. "एवढ्या देहाले दोन गोळ्या म्हंजे उंटाच्या तोंडात जिरा. रात्रीची एक वाढवा. सकाळी एक, रात्री दोन. चंद्रपूरले जाऊन डाक्टरले दाखवाच, पन तोवर हे करा. अन् आयका, तोल गेला, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, तं लगेच मले येऊन सांगा. गोळी जास्त झाली म्हणून समजा." मग त्यानं विचारलं, "गोळी तुमीच घेता ना भाऊ?"

"हो त," गोविंदा म्हणाला आणि खाली उतरून चपला पायात घातल्या.

पोळ्याला रिंकूला सासरी पोचवताना गोविंदानं नवी पुडी तिच्या हातात दिली. कांताबाई समोरच उभ्या होत्या. "रात्री दोन," एवढंच तो ओठातल्या ओठात बोलला. तोल, जीभ, एकाचे दोन, हे सगळं सांगायला आडोसा लागला असता. रिंकूनंही या वेळी ठरवलं की एकही चुकवायची नाही. पदराच्या गाठीत गोळ्या बांधून ती बांधीवर नेऊ लागली.

दिवाळी जवळ आली आणि एक दिवस सूरज सायकल हाणत मोठीबोडीला आला. पाणी प्यायला, पण नजर वर केली नाही. "आईनं तुमाले बलावलं," एवढंच म्हणाला.

गोविंदा त्याच पावली निघाला. सासरच्या अंगणात रिंकू भिंतीला टेकून बसली होती. बापाला बघून उठली आणि तिरपी गेली. भिंत धरली. "बाबा," म्हणाली, तर शब्द तोंडातच लोळला.

कांताबाईंनी त्याला खाट दिली आणि स्वतः खाली बसल्या. आवाज खाली ठेवून बोलल्या. "इवाई, वाईट वाटून घेऊ नोका. पोरगी मोहाची पेते."

गोविंदा खाटेच्या कडेला सरकला.

"मी लय दिवस बोलली नाई. घागर डोक्यावरून पाडली. चालते तं अशी. बोलते तं अशी. वास येत नाई, लवंग चावत असन. मले नोका सांगू, मी एका दारूड्याचा संसार केला. ही चाल मले दुरून वळखू येते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी तिले हाकलत नाई. त्यालेबी नाई हाकललं मी. पन तुमी बाप आहा, दोन शब्द समजवा."

आता तरी खरं सांगता आलं असतं. पण गोविंदाच्या मनात त्या क्षणी जे आलं ते असं: हिला गोळ्यांचं कळलेलं नाही. छातीवरचा दगड उतरावा तसं त्याला हलकं वाटलं. आणि तो म्हणाला, "चुकलं ईनबाई. आमच्या घरी सनावाराले पेतात थोडी. तिले लागली असन सवय. मी समजावतो तिले."

रिंकूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डोळे नीट ठरत नव्हते, हलत होते, तरी ती बघत राहिली. गोविंदा दोन शब्द समजवायला थांबलाच नाही. बस निघेल म्हणाला आणि बाहेर पडला.

थांब्यावर उभा राहिल्यावर मात्र त्याला प्रफुलचं बोलणं आठवलं. तोल. जीभ. एकाचे दोन. खरं तर ते अंगणातच आठवलं होतं, फक्त त्यानं ते बाजूला सारलं होतं. आता बाजूला सारायला दुसरं काही नव्हतं. घरच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा तो उतरला नाही. नागभीडला गेला.

प्रफुलच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. गोविंदानं या वेळी ते जायची वाट पाहिली नाही. "प्रफुलभाऊ, मले मिरगी नाई," तो म्हणाला. "कधीच नव्हती. माह्या पोरीले हाय. गोळी ते घेते. अन् आता तिचा तोल जाते."

प्रफुलनं हातातली बाटली काउंटरवर ठेवली. "केवढी हाय पोरगी? अंगानं?"

गोविंदानं हातानं दाखवलं. काटकुळी.

"अन् पहिले झटका आला तवा?"

"गोळ्या चुकल्या होत्या. रोवण्यात."

म्हणजे वाढवायची गरजच नव्हती. प्रफुल खुर्चीत बसला. तो चिडेल, चार लोकांत अब्रू काढेल, अशी गोविंदाची तयारी होती. पण तो चिडला नाही. "मी तुमाले काट्यावर उभं केलं," तो हळू म्हणाला, "अन् तुमी उभे राह्यले." मग म्हणाला, "अन् मी चंद्रपूरले भाषन देल्लं, आमी मानसाले वळखतो म्हणून. मी तं पाकिटाले वळखत होतो."

त्यानं दुकान बंद केलं, गोविंदाला स्कूटरवर मागे बसवलं आणि दोघं चिमूरच्या रस्त्याला लागले.

अंगणात शिरल्या शिरल्या प्रफुलनं रिंकूचे डोळे पाहिले, बोट हलवून पाहिलं, चालायला लावलं. "आज रात्रीची गोळी नोका देऊ," तो म्हणाला. "अन् सकाळी पहिल्या बसनं चंद्रपूर. मी संगं येतो. काय अन् कितीक चुकलं ते डाक्टरपुढे मी सांगतो. पुढं किती घ्याची ते तोच ठरवन."

"कायची गोळी?" कांताबाईंनी विचारलं.

प्रफुलनं गोविंदाकडे पाहिलं. सूरजही दारात येऊन उभा होता. गोविंदानं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"ईनबाई, पोरगी पेत नाई. तिले मिरगी हाय, लहानपनापासून. गोळीनं बरी राह्यते. मी लग्नाच्या वक्ती लपवलं. झिंग्याच्या पुडीत गोळ्या मीच आनत होतो. आता जे झालं ते गोळी जास्त झाली म्हणून झालं, अन् तेबी माह्यामुळेच. मघाशी तुमी तिले दारूडी म्हटलं, तवाबी मले ठावं होतं."

कांताबाई म्हणजे मोठ्यानं बोलणारी बाई, पण त्या वेळी आवाज चढला नाही.

"दारूडी समजून ठेवून घेतली होती इवाई," त्या म्हणाल्या. "बिमार हाय म्हणून हाकललं असतं का? आमाले काय समजले तुमी?"

कांताबाई उठल्या, सुनेजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. "चार बायांत सांगून आली मी, सून पेते म्हणून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता कोन्या तोंडानं जाऊ त्याइच्याकडं?"

सूरजनं आतून पाण्याचा गडवा आणला. सासऱ्याला न देता आधी बायकोच्या तोंडाला लावला. रिंकू दोन घोट प्यायली. मग बापाकडे बघून जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवत बोलली, "मी... दारूडी... चालली तुमाले, बाबा. बिमार... नाई चालली."

त्या वाक्यानंतर अंगणात कोणी गोविंदाकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. कांताबाईंनी उलट त्याला जेवायला थांबवलं, आणि ते जेवण त्याला जन्मभर पुरलं.

रिंकू बरी झाली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ताजी चिठ्ठी दिली, तिच्या नावाची. प्रफुलला त्यांनी आत बोलावून काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो बाहेर आला तेव्हा कान लाल होते. त्यानंतर त्यानं दुकानात एक पद्धत पाडली. रोजची गोळी तो अजूनही अडवत नाही, पण गोळी खाणारं माणूस अधूनमधून स्वतः येऊन समोर उभं राहिलं पाहिजे. लोक कुरकुरतात. रिंकू सूरजच्या सायकलवर मागे बसून येते, काट्यावर उभी राहते, आणि सुई बघून स्वतःच हसते.

गोविंदानं मात्र ठरवलं की आता गावातही सांगून टाकायचं. लपवायचं कोणापासून, आणि कशासाठी? एका सकाळी तलावावर डोंगे सुटायच्या वेळी तो काठावर सगळ्यांमध्ये गेला. तराजू खाली ठेवला.

"लटारू, आयका रे सारे. मले मिरगी नाई. कधी नव्हती. माह्या रिंकूले हाय. तिच्यासाठी मी खोटं बोललो."

जाळी आवरणारे हात थांबले. कोणीतरी खाकरलं. लटारूनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. इतकी वर्षं एका डोंग्यात बसलेला माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर आता ओळख दिसत नव्हती.

"डोंग्यात बसाची एवढी हौस हाय तुले?" लटारू म्हणाला. "अरे, म्हटलं असतं तं सोसायटीत बोललो असतो मी. पन नांदत्या पोरीवर मिरगी टाकते का बे? तिच्या सासरी आयकलं तं काय होईन तिचं? बाप हाय का कोन हाय तू?"

"खरं सांगून राह्यलो," गोविंदा म्हणाला.

"चूप राह्य. आमी कोनी काई आयकलं नाई." लटारूनं बाकीच्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाच्या लेकीची अब्रू अशी काठावर सांडू द्यायची नाही, हे त्या सगळ्यांना न बोलता कळत होतं. डोंगा पाण्यात लोटता लोटता लटारू मागे वळला. "लाज नाई वाटत तुले?"

"वाटते," गोविंदा म्हणाला.

डोंगे आत गेले. त्यानं तराजू उचलला आणि काठावर आपल्या जागी जाऊन बसला.